वरचं माणूस

१

गिऱ्हाइकाला बोलतं करायचं असेल तर त्याला काही विचारू नये. शाळा माझी सातवीत सुटली, पण एवढं मी गल्ल्यावर बसून पहिल्याच वर्षी शिकलो. माल सावकाश बांधावा. सुतळी हाताशी असली तरी ती शोधल्यासारखं करावं. तेवढ्या वेळात माणूस आपण होऊन सांगतो, मुलीचं कुठं जमतंय, मेव्हण्याशी बोलणं का बंद आहे, डोळ्याचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरनं बिघडवलं. विचारलंत की तोंड मिटलं.

पेणला एस.टी. स्टँडच्या मागे माझं दुकान. आधी कंदील आणि गॅसबत्तीच्या जाळ्या विकल्या, मग रेडिओ, मग टीव्ही. रंगीत टीव्ही खेड्यापाड्यात जायला लागला तेव्हा कंपनीनं एक कार्ड धाडलं. गॅरंटीचा शिक्का हवा असेल तर कार्ड भरून रोह्याच्या एजन्सीत गेलं पाहिजे. नाव, गाव, पत्ता इथवर ठीक होतं. पुढे विचारलेलं, घरात माणसं किती, प्रत्येकाचं नाव काय, वय काय, काम काय, टीव्ही कोण किती वेळ बघणार, आणि घरात सगळ्यांत थोरलं कोण.

कंपनीचा साहेब आला तेव्हा मी त्याला म्हटलं, साहेब, माझा बाप तांदूळ विकायचा, पण घरात दात किती असं त्यानं कुणाला विचारलं नाही. साहेब हसला. कंपनीला आपल्या माणसांची ओळख पाहिजे, म्हणाला, आणि चहा न पिताच गेला.

लोकांनीही कार्डाची गंमत केली. आमच्या पेणमध्ये केरू म्हणून गणपतीचा कारखानदार होता. त्याला विचारलं, घरात किती जण? तो म्हणाला, "श्रावणात तीनशे असतात, शेट. चतुर्थीनंतर मी नि बायको." मी दोन लिहिले. साहेबांच्या कंपनीला गणपतींशी काय करायचंय.

२

खाडीकाठच्या गडब गावचा कान्हू आमचा जुना माणूस. जन्म मिठागरात गेला, पायांच्या टाचा मिठानं फाटून पांढऱ्या पडलेल्या. माझ्याकडूनच त्यानं लग्नात बत्ती भाड्यानं नेली होती. मुलगा रघू नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला लागला, घरात सून आली, आणि तिच्या पहिल्या दसऱ्याला टीव्ही घ्यायचं ठरलं. कान्हू, त्याची बायको ठमाबाई, रघू आणि सून मैना, चौघंही दुकानात आली होती. बाकांवर पाय वर घेऊन बसली, सगळे सेट लावून बघितले, आणि पहिलाच पसंत केला.

मी कार्ड काढलं. माणसं किती?

"पाच," कान्हू म्हणाला.

आता हे समजून घ्या. खाडीकाठच्या गावांत माणसं मोजत नाहीत. भात मापताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, तशातलंच हे. कुणी विचारलंच तर एक वाढवून सांगायचं. दृष्ट लागली तर त्या जास्तीच्या एकाला लागावी, घरातल्याला नको. त्याला ते वरचं माणूस म्हणतात. शिरगणतीला आलेले मास्तर हे जाणून असतात. "वरचं धरून का सोडून?" एवढं विचारतात नि पुढच्या घरी जातात. कार्डावर तशी सोय नव्हती. पाच म्हटलं की पाच नावं हवीत.

चार लिहून झाली. पाचव्यावर पेन थांबलं. चारच करू का, म्हटलं, तर ठमाबाईनं कानाला हात लावला. टीव्ही नवा, सून नवी, आणि शेट घरचा आकडा उघडा करायला निघालेत.

"मग वरच्याला नाव द्या," मी म्हटलं. "रकाना मोकळा राहिला की कार्ड परत येतं."

कान्हूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "महिपती."

हा कोण तुमच्यात, मी विचारलं. भावकीत कुणीच नाही, आणि म्हणूनच ते नाव, असं त्याचं म्हणणं पडलं. वय विचारलं तेव्हा तो रंगात आला.

"माझ्यापेक्षा थोरला लिवा, शेट. बारका लिवला तं उद्या त्याचं लगीन करावं लागंल."

मैनासुद्धा पदराआड हसली. काम? काहीच नाही. टीव्ही किती वेळ बघणार?

"ज्याला काम नाय तो काय करंल? दिवसभर बघंल."

मी लिहिलं, दिवसभर. सर्वांत थोरलं कोण, या रकान्यातही मग महिपतीच आला. कार्ड पुरं झालं, मी पेढा दिला. कान्हूनं पेढ्याचा तुकडा मोडून बाजूला ठेवला, वरच्याचा म्हणून, आणि जाताना तो आपणच तोंडात टाकला.

३

दिवाळीनंतर कंपनीची भेट आली. घरातल्या थोरल्या प्रेक्षकासाठी हात टेकायची प्लास्टिकची खुर्ची. तेव्हा तसल्या खुर्च्या डॉक्टरच्या दवाखान्यात असायच्या. खोक्यावर चिठ्ठी होती, श्री. महिपती, मुक्काम गडब.

मला हसू आलं. असला किस्सा गिऱ्हाइकांना वर्षभर पुरतो. आभाळ भरलेलं होतं म्हणून ताडपत्री घातली आणि स्वतःच टेंपो घेऊन निघालो.

ठमाबाईनं खुर्चीला हळदकुंकू लावलं. टीव्ही आतल्या खोलीत कोनाड्याखाली ठेवला होता, त्याच्या समोर खुर्ची मांडली. मी कान्हूला म्हटलं, बसा महिपतीशेट. तो मिशीवर ताव देत बसला आणि तसाच उठला.

"गरम हाय," म्हणाला.

टेंपोत तापली असेल, मी म्हटलं. बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून ऊन नव्हतं. मी हात लावून बघितलं. हात टेकायचे दांडे थंड होते. पाय थंड होते. बूड आणि पाठ तेवढी गरम होती, यष्टीत कुणी उठून गेल्यावर आपण त्या जागी बसतो तशी.

प्लास्टिकचा भरवसा नाही, कुठंही ऊब धरतं, असं मी मनाला सांगितलं. चहा घेतला. चहा पिताना बघितलं तर कान्हू जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, आणि बाकी कुणीही खुर्चीवर बसलं नव्हतं. भेटीची वस्तू आहे, लोक जपतात. माझ्या घरी पाहुण्यांचे कप कपाटातून निघत नाहीत, तसंच.

४

होळीच्या सुमाराला रघू सांगून गेला की चित्र वर सरकतंय. त्या सेटची खोड मला ठाऊक होती. मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवावा लागतो. अडचण अशी की फिरवणारा मागे आणि चित्र पुढे. म्हणून आम्ही सेटसमोर आरसा ठेवतो आणि मागून वाकून आरशात बघत फिरवतो.

दुपार होती. कान्हू मिठागरावर, रघू शिफ्टला. ठमाबाई ओसरीवर वाल सोलत होती. आतल्या खोलीत मैना होती, आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. दुकानात ती माझ्यासमोर उघड्या डोक्यानं बसली होती, म्हणून मला वाटलं, कुणी वडीलधारं आलंय. आलं कुणी नव्हतं.

टीव्ही चालू होता. आवाज अगदी बारीक. मी सेट पुढे ओढला, मागचं झाकण काढलं आणि भिंतीवरचा आरसा तिच्या हातात दिला.

"तो खुर्चीवर उभा ठेव, पोरी. म्हणजे मला दिसेल."

ती आरसा घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून परत सांगितलं. तिनं आवाज खाली आणला. मोठ्यांसमोर सुना आणतात तसा.

"तिथं कसा ठेवू? बसलेत ना."

मग तिनंच तोड काढली. खुर्चीच्या बाजूला उकिडवी बसली आणि आरसा दोन्ही हातांत धरून राहिली. मी स्क्रू फिरवला. चित्र थांबलं. बातम्यांतली बाई आरशात उलटी दिसत होती. आरसा जरासा हलला, बाई सरकून गेली, आणि आरशात खुर्चीचा दांडा आला. दांड्यावरचं प्लास्टिक पुढच्या टोकाला दबलेलं होतं. माणूस चित्र बघायला पुढे झुकला की हाताखाली दबेल तसं.

मी मुद्दाम वर बघितलं नाही. झाकण लावायचं होतं, स्क्रू हातातून निसटत होता. घाम फार आला, मार्चचा महिना. निघताना ठमाबाईला विचारलं, सूनबाई चेष्टा करतेय का माझी? ती वालावरून नजर न उचलता म्हणाली, "भावोजींना चित्र सरकलेलं आवडत नाय, शेट. बरा झाला तुमी आलाव."

५

मी व्यापारी माणूस. दोन माणसं एक गोष्ट सांगतात तेव्हा मी तिसरी शोधतो. रस्ताभर विचार केला. सासू-सून मिळून म्हाताऱ्याची थट्टा करत असतील. किंवा दृष्टीचा प्रकार असेल, वरच्याचा जास्त मान ठेवला की घराला बरं, असं कुणी देवऋषीनं डोक्यात भरवलं असेल. बायको मालू हिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, आपल्या टीव्हीचं कार्ड मागाहून भरलं नाहीत ना? मी भरलं नव्हतं. फुकटची गॅरंटी गेली म्हणून इतके दिवस ती बोलत होती, त्या दिवसापासून तो विषय बंद झाला.

मग एकदा कान्हू दुकानात आला. टीव्ही घ्यायला आला होता तो हा कान्हू वाटेना. दुकान भरलेलं होतं, तो कोपऱ्यात पेट्यांजवळ उभा राहिला. गर्दी सरल्यावर मी चहा मागवला तरी बसला नाही.

त्यानं जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर सोपं होतं. पहिलं ताट आता खुर्चीपुढे जातं. मासळी आली की डोकं तिकडं. रघूला मोटरसायकल घ्यायची होती, त्यानं बापाला विचारलं नाही, थोरल्या बाबांना विचारलं आणि घेतली. कान्हूचं अंथरूण ओसरीवर गेलं, कारण आत दाटी होते. तो एकदा मोठ्यानं म्हणाला की असा कुणी माणूस नाही, मीच तो दुकानात बसून केला. तेव्हा ठमाबाईनं दारू प्यालेल्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, ऐकू येईल गो त्यांना, वाईट वाटंल.

मी विचारलं, तुम्ही स्वतः काय बघितलंत?

"मी तिकडं बघत नाय, शेट."

"का?"

"बघितला तं मान द्यावा लागंल."

असं म्हणून तो पहिल्यांदा बसला, पेटीवरच. घर त्यानं स्वतः बांधलेलं. खाडीतली रेती त्यानं आणि ठमाबाईनं डोक्यावरून वाहिलेली. मला दुसरं काय नको, म्हणाला, माझ्या घरात मला भिंतीला टेकून बसायचंय. तुम्ही नाव घातलंत, तुम्ही काढा.

नाव त्यानं घातलं होतं. पण मी वाद घातला नाही. गिऱ्हाईक हताश असताना बरोबर कोण, हा हिशेब करू नये. मी त्याला टेंपोत घातलं आणि आम्ही रोह्याला गेलो.

६

एजन्सी कुंडलिका नदीच्या अंगाला, एका इमारतीच्या माडीवर होती. तिथले व्यवस्थापक दत्तात्रेय म्हणून होते. सभ्य गृहस्थ, बोटांना शाई, दर वाक्याला हसणारे. त्यांच्या मागे भिंतभर लाकडी खणांत कार्डं. पेणची, रोह्याची, मधल्या सगळ्या गावांची. पंखा चालू होता, पण एकही कार्ड हलत नव्हतं.

मी हसतखेळत सांगितलं की चूक झाली, एक माणूस जास्त पडलं. त्यांना नवल वाटलं नाही. तुमच्या पट्ट्यात प्रत्येक घरात एक जास्त असतोच, म्हणाले, कंपनीला ठाऊक आहे. मग चालतं कसं, मी विचारलं. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"बाकीचे उठतात, शेट. कामाला जातात, जेवतात, झोपतात. तो एकटा सारखा बघत असतो. कंपनीला बघणारा पाहिजे."

कान्हू म्हणाला, माझ्या घरातला काढा.

नाव खोडता येत नाही, दत्तात्रेयांनी समजावलं. घरातून माणूस नाहीसा कसा होईल? एक तर तो गाव सोडून जातो, नाही तर मरतो. दोन्हींचे वेगळे शिक्के होते. त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

मी कान्हूच्या कानाला लागलो. गाव सोडलं म्हणा, विषय संपेल. त्यानं मान हलवली.

"मुंबईला गेलेले बी गणपतीला घरी येतात. मेलेला येत नाय. मयत लिवा."

"खबर देणारे तुम्हीच ना?" दत्तात्रेयांनी पेन उघडलं. "मयताचे कोण लागता?"

खाली नदीवर कुणी तरी धुणं आपटत होतं, तो आवाज वर येत होता. मी म्हटलं, नातं नाहीच तर लिहायचं काय? दत्तात्रेय हसून म्हणाले की परक्याच्या सांगण्यावरून ते कुणाला मेलेला कसा लिहिणार? त्यांचीही नोकरी होती.

"भाव," कान्हू शेवटी म्हणाला. "धाकटा भाव लिवा."

शिक्का बसला. कान्हूनं अंगठा दिला आणि जिना उतरताना माझ्या आधी उतरला, पोरासारखा. नागोठण्यापर्यंत तो बोलत होता. मिठागरातल्या एका मुकादमाची नक्कल केली. खुर्ची चुलीत घालणार होता.

७

गडबला टेंपो वळवला तर त्याच्या दारात माणसं. बाया एका बाजूला, पुरुष अंगणात. अंगण नुकतं सारवलेलं. ठमाबाईचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. माझ्या मनात पहिलं आलं ते रघूचं, शिफ्टला काही झालं. पण रघूच पुढे आला, ओल्या पंच्यात, डोळे सुजलेले.

"कुठं होतास, बाबा? किती वाट बघितली. शेवटी नेला त्यांना."

कान्हू टेंपोतून उतरला नाही. मी उतरलो. माझ्या ओळखीची माणसं होती, एकेकाला गाठलं. कुणाला नेलं? त्याच्या थोरल्या भावाला, शेट, सकाळी बसल्या बसल्या गेला, आणखी कुणाला. तुम्ही बघितलंत? मी मागे होतो, पुढे विठू होता. विठू शेजारचा, शेतकरी गडी. तोंड कुणी बघितलं ते विठूलाही सांगता येईना. पाणी पाजलं ते आतल्यांनी, बांधलं ते दुसऱ्यांनी. पण खांदा मी दिला, म्हणाला, आणि त्यानं सदरा ओढून खांदा दाखवला. बांबूचा वळ लाल उठला होता.

"जड होता, शेट. बसून राहिलेला माणूस."

दारातून आतली खोली दिसत होती. खुर्ची रिकामी. पुढे पिठावर दिवा. टीव्ही चालू, आवाज बंद. सुतकात टीव्ही, मी म्हटलं. मैना डोळे पुसत म्हणाली, ते बघत होते तसाच ठेवलाय, बंद करायला मन होत नाही.

मूलबाळ नसलेल्याचं पुढलं सगळं धाकट्या भावानं करायचं. न्हावी ओसरीच्या पायरीवर वस्तरा लावून बसला होता. चारचौघं टेंपोजवळ आली. कुणी रागावलं नाही. कान्हूच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला खाली घेतलं, फार प्रेमानं, आणि पायरीवर बसवलं. मी पुढे होऊन म्हणालो, अहो, हा सांगतोय ते एकदा ऐका. पण कान्हू काहीच सांगत नव्हता. पाणी डोक्यावरून ओघळत होतं. माझ्याकडे त्यानं एकदा बघितलं, आणि न्हाव्यासाठी मान खाली घातली.

८

दहाव्याला मी गेलो. नसतो गेलो तरी चाललं असतं. दुकानातल्या खोक्यांवर कंपनीचं नाव दिसायचं आणि हात मालाला लागायचा नाही, म्हणून गेलो.

खाडीच्या बांधावर मंडळी जमली होती. भरती उतरत होती, चिखल उघडा पडत होता. भटजींनी भाताचा पिंड पानावर मांडला, कान्हूनं पाणी सोडलं, आणि सगळे मागे सरून उभे राहिले.

कावळा आला. एकच. बांधावर बसला आणि पिंडाकडे बघत राहिला. शिवेना.

आपल्यात काय करतात तुम्हाला ठाऊक आहे. गेलेल्याची इच्छा राहिलीय म्हणायचं, आणि एकेकानं पुढे होऊन शब्द द्यायचा. रघू म्हणाला, टीव्ही कधी बंद करणार नाय, थोरले बाबा. कावळा हलला नाही. मैना म्हणाली, पहिलं ताट तुमचंच राहील. ठमाबाईनं पदर पसरून सांगितलं, भावोजी, खुर्चीवर कुणी बसणार नाय. कावळ्यानं चोच पंखाला पुसली आणि थांबला. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. हळूहळू एकेक डोकं कान्हूकडे वळलं.

"तूच राहिलास रे," विठू म्हणाला. "तुझ्यात अडकलाय जीव. बोल काय तरी."

कान्हूचं मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. दहा दिवसांत तो वाळला होता. मी मनात म्हटलं, बोलू नको. तोंडानं म्हणायला पाहिजे होतं. पण शेजारी तीस माणसं घाम पुसत उभी होती, सगळ्यांना घरी जायचं होतं.

"दादा," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "घर तुमचंच हाय."

कावळा पुढे आला नाही. बाजूला सरकला. वाट द्यावी तसा. आणि पिंडाचा वरचा भाग खाली बसला. चार बोटं खुपसून घास काढावा, तेवढा खळगा. मी पलीकडच्या बाजूला होतो, मला समोरून दिसलं. कावळा दोन हात लांब होता.

"शिवला, शिवला," लोक म्हणाले, आणि वळले.

मागे बघायचं नसतं. टेंपोजवळ येईतो मीही बघितलं नाही. मग किल्ली काढायला वळलो तेव्हा नजर गेली. पानापाशी कान्हू अजून उकिडवा बसला होता. पाठ इकडे, तुळतुळीत डोकं खाली झुकवलेलं, खांदे हलत होते. रडत असेल, मला वाटलं. म्हातारा मागेच राहिला की, मी म्हटलं, आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"शेट," माझ्या कोपरापाशी कान्हू म्हणाला, "निघायचा का?"

तो टेंपोला हात लावून उभा होता. त्यानं मागे बघितलं नव्हतं.

ठमाबाई बायांतून पुढे आली. तिनं पाण्याकडे बघितलं, तिथं बसला होता त्याच्याकडे, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "येतील ते मागनं, जेवून होऊ द्या," असं ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. चेहरा अगदी मोकळा, घरधनिणीचा.

"तुमच्या गाडीत जागा हाय ना, शेट? ह्या पावण्यांना पेणच्या स्टँडवर सोडा. लांबून आलेत."

मी रघूकडे बघितलं. त्यानं कान्हूला हात जोडले, येणाऱ्याजाणाऱ्याला जोडतो तसे. मैनानं वाकून नमस्कार केला. मी बोलणार होतो. एवढ्या वर्षांचं तोंड माझं, गिऱ्हाइकाला दारातून परत आणणारं. पण कान्हू तोवर पुढच्या सीटवर चढून बसला होता, हात मांडीवर, टाचा जुळवून.

वडखळच्या अलीकडे तो एकदाच बोलला.

"पावण्याला बी चा इचारतात, शेट."